आपली पदवी आपणच आणावी!

कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात एकटीनं जाऊन येणाऱ्या भगिनींसाठी : वाट, वेळ आणि चार उपयोगी सूचना

परीक्षा एप्रिलमध्ये झाली, मे महिन्यात लग्न झालं आणि निकाल लागला तो सासरी आल्यावर. किती घरांत ही गोष्ट अशीच घडलेली असते! गुणपत्रक धाकट्या भावानं कॉलेजातून आणून दिलं, ते शालूच्या घडीखाली कपाटात जाऊन बसलं. पदवी प्रमाणपत्राचं मात्र कुणाच्याच ध्यानात राहिलं नाही. पदवीदान समारंभाच्या सुमाराला पहिलं बाळंतपण होतं, मग धाकटं, मग सासूबाईंचं आजारपण. बघता बघता बारा-पंधरा वर्षं उलटतात. आणि एके दिवशी जाहिरात येते. शाळेत ग्रंथपाल पाहिजे, पतपेढीत कारकून पाहिजे, बी. एड्.चे प्रवेश सुरू झाले आहेत. खाली बारीक अक्षरात एक ओळ असते : मूळ पदवी प्रमाणपत्र आवश्यक.

इथून पुढं बहुतेक घरांत एकच संवाद चालतो. “अहो, तेवढं विद्यापीठात जाऊन याल का?” “रजा मिळाली की जातो.” रजा मिळते तेव्हा पाहुणे येतात, नाहीतर पाऊस येतो, नाहीतर गाडी दुरुस्तीला जाते. यात कुणाची लबाडी नसते. काम आपलं असतं आणि निकड दुसऱ्याला नसते, इतकंच. तारीख मात्र कुणासाठी थांबत नाही.

तेव्हा मैत्रिणींनो, हे काम स्वतःच करायचं. आता तुम्ही म्हणाल, “कोल्हापूर आम्हाला काय नवीन आहे? अंबाबाईला दरसाल जातो की!” खरं आहे. पण ते जाणं चारचौघांबरोबरचं असतं. स्टँडवर उतरलं की पुढचा रस्ता पुढं चालणाऱ्याला माहीत, आपण पोरं नि पिशव्या सांभाळत मागून. विद्यापीठ देवळाच्या वाटेवर नाही. ते गावाबाहेर, सागरमाळावर आहे. गाव गाठणं अवघड नाही. बाईमाणसाचं पाऊल अडतं ते स्टँडपासूनच्या शेवटच्या चार-पाच किलोमीटरवर. म्हणून हा सगळा रस्ता एकदा नीट सांगावा, असं मनात आलं.

ही वाट कुणाची?

आज शिवाजी विद्यापीठाकडे कोल्हापूर, सांगली आणि सातारा हे तीन जिल्हे आहेत. पण सोलापूर, पंढरपूर, बार्शीकडच्या भगिनींनीही इथं लक्ष द्यावं. सोलापूरला स्वतंत्र विद्यापीठ झालं ते २००४ साली. त्याआधी तिकडच्या कॉलेजांतून ज्या पदवीधर झाल्या, त्यांची परीक्षा शिवाजी विद्यापीठाचीच. ‘माझं कॉलेज सोलापूरचं, मग कोल्हापूरला कशाला?’ असं वाटत असेल, तर आधी कपाटातलं गुणपत्रक काढून वरचं नाव वाचा. ज्या विद्यापीठाचं नाव तिथं छापलेलं आहे, तिथंच जावं लागतं.

एक गोष्ट आपल्या आजीच्या पिढीची. कोल्हापूरचं राजाराम कॉलेज १८८० सालचं, पण त्याची पदवी मिळायची मुंबई विद्यापीठाची. पुढे १९४९ साली पुण्याला विद्यापीठ झालं, तेव्हा पुण्याची वाट धरावी लागे. अखेर १८ नोव्हेंबर १९६२ रोजी राष्ट्रपती डॉ. राधाकृष्णन यांच्या हस्ते कोल्हापूरच्या विद्यापीठाचं उद्घाटन झालं. डॉ. आप्पासाहेब पवार हे पहिले कुलगुरू. मुंबई-पुण्याचं काम असं आपल्या दाराशी आलं. आता उरलेलं अंतर आपण चालून जायचं, एवढंच राहिलं आहे.

निघण्याआधी घरबसल्या

प्रवासाची पहिली पायरी स्वयंपाकघराच्या ओट्याशीच चढायची असते. मोबाइलवर विद्यापीठाचं संकेतस्थळ उघडा, जमत नसेल तर मुलाला-मुलीला शेजारी बसवा. चार गोष्टी बघून घ्या : आपल्या कामाचा अर्ज कोणता, तो ऑनलाइन भरता येतो का, फी कशी भरायची आणि सोबत कोणती कागदपत्रं लागतात. कधी कधी जाण्याची गरजच नसते, प्रमाणपत्र टपालानं घरी येतं. तसं असेल तर उत्तमच, एसटीचं तिकीट वाचलं. जावंच लागणार असेल, तर कार्यालयाला फोन करून दोन प्रश्न विचारा. त्या दिवशी कार्यालय उघडं आहे ना? आणि शनिवारी काम चालतं का? सुट्टीच्या दिवशी बंद दार पाहून परत येण्यासारखा दुसरा मनस्ताप नाही.

नावाची अडचण आपल्याच वाट्याला येते. गुणपत्रकावर माहेरचं नाव, आधार कार्डावर सासरचं. ही बाई तीच कशावरून, असं खिडकीवर विचारलं तर रागावू नका. उत्तर पिशवीत तयार ठेवा. विवाह नोंदणीचा दाखला मूळ आणि झेरॉक्स न्यावा. नाव बदलल्याचं राजपत्र असेल तर तेही. पदवी प्रमाणपत्रावर परीक्षेच्या वेळचं, म्हणजे माहेरचंच नाव येतं. त्यात काही चुकलेलं नाही. पदवी त्या नावानंच मिळवली होती ना!

गाव कसं गाठावं?

सांगली-मिरजेहून : एसटीनं जयसिंगपूर, हातकणंगले, शिरोली या रस्त्यानं दीड तासाच्या आसपास. अंतर पन्नास किलोमीटरच्या आतबाहेर. मिरजेहून रेल्वेही आहे. हा फाटा १८९१ सालचा, आणि कोल्हापूर हे त्याचं शेवटचं स्टेशन. तिथून पुढं रूळच नाहीत, त्यामुळे डोळा लागला तरी स्टेशन चुकण्याची भीती नाही!

कराड-साताऱ्याहून : पुणे-बंगळूर महामार्गानं सरळ. कराडहून दोन तास धरावेत, साताऱ्याहून तीन. इथं एक खबरदारी हवी. महामार्गावरून पुढं बेळगावकडे जाणाऱ्या काही गाड्या, विशेषतः खासगी, गावात शिरत नाहीत. त्या तावडे हॉटेलपाशी बाहेरच्या बाहेर उतरवतात. त्यामुळे चढतानाच विचारावं, “गाडी कोल्हापूर स्टँडमध्ये जाते का?” एसटीची गाडी साधारणपणे तावडे हॉटेलहून आत वळते आणि कावळा नाक्यावरून मध्यवर्ती स्थानकात येते.

सोलापूरहून : मंगळवेढा, सांगोला, मिरज या रस्त्यानं निदान पाच-सहा तास. एका दिवसात जाऊन काम करून परत येणं जिवावरचं होतं. आदल्या दिवशी येऊन नातेवाइकांकडे किंवा मिरज-सांगलीला मुक्काम करावा.

मुंबईला दिलेल्या लेकीसुनांना महालक्ष्मी एक्सप्रेस सोयीची. रात्री बसलं की सकाळी कोल्हापूर.

एसटीनं जाणाऱ्या भगिनींना आणखी एक सांगायचं. मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना निम्मं तिकीट आहे. तेव्हा ‘उगाच दोन माणसांचा खर्च’ म्हणून जी सोबत आपण टाळतो, ती हवीशी वाटली तर जावेला किंवा शेजारणीला घेऊन जायला हरकत नाही. दोघींचं मिळून एकच तिकीट पडलं म्हणायचं!

शेवटचे चार-पाच किलोमीटर

रेल्वे स्टेशन आणि मध्यवर्ती एसटी स्थानक दोन्ही शाहूपुरीच्या बाजूला, एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. तिथून विद्यापीठ आग्नेयेला. जायला तीन साधनं : केएमटी, वडाप आणि रिक्षा.

केएमटी म्हणजे महापालिकेची शहर बस. सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत निर्धास्त. पाटीवर भरवसा न ठेवता पायरीवर पाय ठेवायच्या आधी कंडक्टरला विचारावं, “शिवाजी विद्यापीठाच्या मेन गेटला थांबते का?” ‘हो’ म्हणाला की बसायचं आणि दाराजवळची जागा धरायची. वडाप म्हणजे शेअर रिक्षा किंवा जीप. हा शब्द बाहेरगावच्यांना ठाऊक नसतो, कोल्हापुरात मात्र पावलोपावली ऐकू येतो. वडाप भरल्याशिवाय हलत नाही आणि आडवळणाला जात नाही. घाई असेल तर रिक्षा करावी. बसण्याआधी मीटर टाकायला सांगावं, नाहीतर भाडं ठरवून घ्यावं. ओळखीच्या कुणाला रिक्षाचा नंबर फोनवर कळवून ठेवला, तर आपल्यालाही बरं वाटतं आणि घरच्यांनाही.

आता सगळ्यांत महत्त्वाचं. कोल्हापुरात नुसतं ‘शिवाजी’ म्हणून भागत नाही. शिवाजी चौक आहे, शिवाजी पेठ आहे, पंचगंगेवरचा शिवाजी पूल आहे. नुसतं ‘विद्यापीठ’ म्हटलं तरीही घोळ होतो, कारण कसबा बावड्याला दुसरं एक अभिमत विद्यापीठ आहे, आणि ते गावाच्या पार दुसऱ्या टोकाला. म्हणून पूर्ण सांगावं : “शिवाजी युनिव्हर्सिटी, सागरमाळ.” ‘राजारामपुरीच्या पुढं, सायबर चौकाच्या बाजूला’ एवढं जोडलं, की समोरच्याला कळतं, बाईंना रस्ता ठाऊक आहे. राजाराम कॉलेजही आता त्याच बाजूला, विद्यानगरात आहे. टेंबलाईची टेकडीही तिकडेच. या तीन-चार खुणा मनाशी घोकून ठेवा, म्हणजे रिक्षा भलतीकडे वळली तर तुमच्या लगेच लक्षात येईल.

पावसाळ्याचं वेगळं सांगायला हवं. स्टँडकडून राजारामपुरीकडे जाताना रेल्वेखालून परीख पूल लागतो. मोठी सर आली की त्याखाली पाणी साचतं आणि वाहनं लांबून वळसा घेतात. महापुराची गोष्ट त्याहून मोठी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये शिरोलीजवळ महामार्गावर पंचगंगेचं पाणी आलं आणि रस्ता बंद राहिला. सांगली आणि कराड, दोन्हीकडच्या गाड्या शिरोलीवरूनच येतात. म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये निघण्याआधी सकाळच्या बातम्या ऐकाव्यात. काम पुढं ढकलणं शक्य असेल तर ढकलावं. पण शेवटची तारीख पावसाळ्यात असेल, तर जूनमध्येच जाऊन यावं.

विट्याच्या एक परिचित ताई आहेत. बी. ए. होऊन अकरा वर्षं झाली होती. पहिल्यांदा शाळेतल्या जागेची जाहिरात आली तेव्हा यजमानांच्या बँकेत ऑडिट होतं, दिराची परीक्षा होती. सोबतीची वाट बघता बघता तारीख गेली. पुन्हा तशी जागा निघायला तीन वर्षं लागली. या खेपेला त्यांनी कुणाला विचारलंच नाही. पहाटे उठून भाकरी-भाजी करून ठेवली, सासूबाईंच्या हाताशी औषधं ठेवली आणि पहिली एसटी धरली. सासूबाई दारापर्यंत आल्या, हातात शंभराची नोट ठेवली आणि एवढंच म्हणाल्या, “रिक्षानं जा हो, उन्हाची चालू नकोस.” परत आल्यावर ताईंना कुणीतरी विचारलं, सगळ्यांत अवघड काय गेलं? त्या म्हणाल्या, “स्टँडवर उतरल्यावर दोन मिनिटं. सगळे आपापल्या वाटेनं चालले होते आणि मला कुठं वळायचं ते माहीत नव्हतं. एकदा विचारलं, मग काही नाही.”

ती दोन मिनिटं कुणालाच चुकत नाहीत. त्यावर उपाय एकच : घाबरून कुणाच्याही मागं न जाता बाजूला उभं राहावं, पाणी प्यावं आणि वर्दीतल्या माणसाला विचारावं. वाहतूक नियंत्रकाची खिडकी प्रत्येक स्टँडवर असते. कोल्हापूरचा माणूस बोलायला रांगडा, पण वाट विचारलीत तर “चला वहिनी, दाखवतो” म्हणून बसपर्यंत आणून सोडील.

फाटकाच्या आत

मुख्य फाटकाशी उतरलं म्हणजे पोचलं, असं समजू नका. विद्यापीठाचा परिसर ८५३ एकरांचा आहे. गुंठ्याच्या हिशेबात सांगायचं तर ३४,१२० गुंठे! एका गुंठ्यात एक टुमदार घर बसवलं, तर एक शहर उभं राहील. एकेकाळचा हा उघडा माळ. आज इथं दाट झाडी आहे, पाण्याची तळी आहेत, मोरही दिसतात. पाहायला सुंदर, चालायला मात्र लांब. उंच टाचांची नवी चप्पल घरी ठेवा, सवयीची घाला. छत्री बारा महिने जवळ असावी.

समोर मुख्य इमारत आणि तिच्यापुढं शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा दिसतो. हा पुतळा १९७४ साली उभारला गेला. ही आपली खूण. कुठंही चुकल्यासारखं वाटलं तर ‘पुतळ्याकडे कसं जायचं’ विचारावं आणि तिथून पुन्हा सुरुवात करावी. पदवी प्रमाणपत्र, गुणपत्रकाची दुसरी प्रत, स्थलांतर प्रमाणपत्र ही कामं परीक्षा विभागाची. फाटकावरच्या रक्षकाला ‘ऑफिस कुठाय?’ असं मोघम न विचारता कामाचं नाव सांगून विचारावं. बहिःस्थ म्हणून परीक्षा दिलेल्यांनी ते आधीच सांगावं, म्हणजे योग्य टेबल लवकर सापडतं.

खिडकीवर अर्ज दिलात की तीन गोष्टी घेतल्याशिवाय हलू नका : पैशांची पावती, अर्जाचा क्रमांक किंवा पोचपावती, आणि ‘कधी मिळेल’ या प्रश्नाचं उत्तर. समोरच्या कारकुनाचं नाव नि टेबल डायरीत टिपून ठेवावं. “उद्या या” असं ऐकू आलं, तर आवाज न चढवता विचारावं, “मी बाहेरगावाहून आले आहे. टपालानं पाठवता का? काय भरावं लागेल?” हे विचारायला संकोच कसला! घरात गॅस-सिलिंडरवाल्याशी, दूधवाल्याशी आपण याहून कठीण वाटाघाटी करतोच की.

जेवणाच्या सुट्टीत खिडकी बंद असते. त्या अर्ध्या-पाऊण तासात झाडाखाली बसून डबा खावा. वाटलंच तर बॅ. बाळासाहेब खर्डेकरांचं नाव दिलेलं ग्रंथालय बाहेरून बघून यावं. पोरी पुस्तकं छातीशी धरून लगबगीनं जात-येत असतात. बघून बरं वाटतं.

आधी विद्यापीठ, मग अंबाबाई

कोल्हापूरला जायचं म्हटल्यावर घरातून पहिली सूचना येते, “आधी दर्शन घे, मग कामाला लाग.” मनातून आपल्यालाही तसंच वाटतं. पण देवळाची रांग किती वेळ घेईल, याचा नेम नाही. मंगळवारी-शुक्रवारी आणि सणावाराला तर विचारूच नका. नवरात्रात ललिता पंचमीला अंबाबाईची पालखी त्र्यंबोलीच्या, म्हणजे टेंबलाईच्या टेकडीवर जाते, आणि ती टेकडी नेमकी विद्यापीठाच्या बाजूची. त्या दिवशी त्या रस्त्यांवर वाहन मिळणं कठीण. म्हणून कामाला शक्यतो सोमवार, बुधवार किंवा गुरुवार निवडावा आणि सकाळी थेट विद्यापीठ गाठावं. देवळाचं दार संध्याकाळीही उघडं असतं, कार्यालयाची खिडकी नसते. काम करून आलेल्या लेकीवर आई रागावणार नाही.

परतीचं गणित

सांगली-मिरज-कराडकडच्या भगिनींनी दिवस असा आखावा : सकाळी सातला घर सोडायचं, साडेनऊपर्यंत कोल्हापूर, अकराच्या आत खिडकीवर. दुपारी तीनला परिसरातून निघायचं, पाचच्या आत परतीच्या गाडीत बसायचं. साताऱ्याकडच्यांनी पहाटेची गाडी धरावी. परतताना विनाथांबा गाडी मिळाली तर वेळ वाचतो, पण ती मधल्या गावाला थांबत नाही. विनावाहक गाडी असेल तर तिकीट आधी खाली खिडकीवर काढावं लागतं.

घरचं म्हणाल, तर आदल्या रात्री कणीक मळून, भाजी चिरून ठेवावी. मुलांचा डबा, दूध, पाण्याची वेळ सगळं एका कागदावर लिहून तो फ्रिजवर चिकटवावा. आणि एक दिवस आमटीत मीठ कमी पडलं, तर पडू द्यावं. घर बुडत नाही.

पिशवीत काय असावं?

• सर्व वर्षांची मूळ गुणपत्रकं आणि प्रत्येकाच्या तीन झेरॉक्स
• आधार कार्ड, विवाह नोंदणी दाखला, असल्यास राजपत्र. मूळ व झेरॉक्स
• पासपोर्ट आकाराचे चार फोटो, दोन निळी पेनं, गोंदाची लहान ट्यूब
• अर्ज व फी ऑनलाइन भरली असेल तर त्याची छापील प्रत; मोबाइलची बॅटरी ऐनवेळी दगा देते
• सुटे पैसे वेगळ्या पाकिटात, परतीचं भाडं आतल्या कप्प्यात
• घरचे आणि कार्यालयाचे दूरध्वनी क्रमांक कागदावर लिहून
• पाण्याची बाटली, डबा, छत्री. पावसाळ्यात कागदांना प्लॅस्टिकची पिशवी

प्रमाणपत्र हातात आल्यावर खिडकी सोडण्यापूर्वी त्यावरचं नाव, विषय, वर्ग आणि साल अक्षर न् अक्षर वाचावं. चूक असेल तर तिथल्या तिथं दाखवावी. घरी आल्यावर ते घडी न घालता फायलीत ठेवावं. हौसेनं लॅमिनेशन मात्र करू नये. पुढं कुठं शिक्के किंवा साक्षांकन लागलं तर अडचण येते. दोन झेरॉक्स वेगळ्या काढून ठेवाव्यात. आणि ही फाईल शालूच्या घडीखाली न ठेवता, घरच्या खरेदीखताची नि विम्याची कागदपत्रं जिथं असतात, तिथंच ठेवावी. तीही घराची मालमत्ताच आहे.